जुन्या फ्लॅटचे नळ, स्विच, पंखे आणि कड्या: भिंत न फोडता नवं रूप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत साधारण १९७५ ते २००० या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींमधून तेच ते प्रश्न येत राहतात. घरांची बांधणीही ओळखीची: भिंतीत गाडलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप, लाकडी पेटीवर पियानो स्विच, मोझेक फरशी, कडप्प्याचा ओटा. खालच्या किमती मध्यम दर्जाच्या मालाच्या आणि ढोबळ आहेत. गावागणिक आणि दुकानागणिक फरक पडेल.

१. हातात दहा हजार रुपये आहेत. सुरुवात कुठून करू?

विजेच्या बोर्डांपासून. एखादं सॉकेट काळवंडलं असेल, प्लग सैल बसत असेल किंवा स्विच दाबल्यावर चर्रर्र आवाज येत असेल, तर पहिला पैसा तिथे. मग गळणारं पाणी, आणि दिसण्याची गोष्ट शेवटी. एक बेडरूमच्या घरात साधारण असा हिशेब बसतो: तीन बिब कॉक (भिंतीतले साधे नळ) २,१००, चार एलईडी बॅटन १,२००, दोन मुख्य स्विचबोर्ड १,८००, कमोडचं सीट कव्हर ७००, नाहणीच्या दोन झुरळ-जाळ्या ३००, दारांची हँडल आणि टॉवर बोल्ट १,०००, ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा मसाला) ४००. झाले ७,५००. उरलेले अडीच हजार मजुरीला.

हे गणित भिंतीला छिन्नी लागेपर्यंतच खरं असतं. एक टाइल फुटली की तशीच दुसरी मिळत नाही. मग अख्खी भिंत, तिच्यामागे वॉटरप्रूफिंग, आणि दहाचे साठ हजार होतात. म्हणून पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा रोख एकच: जो भाग फिरतो, घासतो, हाताला लागतो तो बदला, भिंतीतलं भिंतीत राहू द्या.

२. जुना नळ दुरुस्त करायचा की फेकायचा?

काढून हातात घ्या आणि तोला. १९८०-९० च्या दशकातले बरेच नळ भरीव पितळेचे आहेत आणि आज दोन-अडीचशे रुपयांना मिळणाऱ्या नळापेक्षा दुपटीने जड भरतात. अशा नळाचा बहुतेक वेळा फक्त वॉशर झिजलेला असतो. तो पाच-दहा रुपयांना मिळतो. नवा वॉशर घालूनही थेंब पडत असेल तर वॉशर ज्यावर बसतो ती आतली कडा खराब झाली आहे. प्लंबरकडे ती घासायचं छोटं हत्यार असतं, दहा मिनिटांचं काम. मुठीच्या दांड्यापाशी पाणी येत असेल तर दोष ग्लँडच्या पॅकिंगचा, वॉशरचा नाही.

फेकायचा कधी? बुडाला बारीक भेग दिसली, भिंतीकडचे आटे झिजले किंवा क्रोम उडून खालचा धातू करडा आणि ठिसूळ दिसला तर. करडा दिसला म्हणजे तो पितळ नव्हताच, जस्ताचं मिश्रण होतं.

३. नळ स्वतः बदलता येतो का? नेमकं कसं?

येतो. अर्धा इंची बिब कॉक हे घरातलं सर्वांत सोपं प्लंबिंग. लागतं काय, तर एक पाना, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, जुना टूथब्रश.

आधी त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. बाथरूममधला व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, गच्चीवरून लाइन बंद करून घ्या. नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. जुना नळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल मारून वीस मिनिटं थांबा. झटका देऊ नका, कारण आतला एल्बो (पाइपाचा काटकोनी जोड) गंजलेला असेल तर नळाबरोबर तोच फिरतो (प्रश्न १९).

भिंतीतले आटे ब्रशने साफ करा. आत जुनं सूत आणि सफेदा हमखास सापडतो. नव्या नळाच्या आट्यांचं टोक आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने, ताणून, बारा ते पंधरा वेढे गुंडाळा. उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून बाहेर येते. चार-पाच वेढ्यांत काम भागत नाही, कारण जुने आटे ढिले झालेले असतात.

आधी हाताने, मग पान्याखाली कापड धरून आवळा. सगळ्यात जास्त चूक पुढे होते: नळ सरळ उभ्या रेषेच्या थोडा पुढे गेला की लोक तो मागे फिरवून सरळ करतात. मागे फिरवला की टेपचं सील तुटतं आणि दोन दिवसांनी भिंतीवर ओल दिसते. पुढे गेला तर पूर्ण काढा, वेढे वाढवा, परत बसवा. शेवटी सांध्याखाली टिश्यू पेपर लावून तासभर ठेवा. पेपर कोरडा म्हणजे काम पक्कं.

४. नवा नळ आणला, पण तो टाइलच्या आतच रुततो किंवा फ्लँज (नळामागची गोल चकती) भिंतीला टेकत नाही. आता?

जुन्या टाइलवर नवी टाइल चढवलेली असली की पाइपाचं तोंड आत जातं. त्यासाठी एक्स्टेन्शन निपल मिळतं: अर्धा, एक, दीड, दोन इंच लांबीचं. काडी घालून टाइलच्या पृष्ठभागापासून आट्यांपर्यंतची खोली मोजून मगच दुकानात जा. निपल पितळेचंच घ्या. एकावर एक दोन निपल जोडू नका. प्रत्येक जोड ही गळतीची एक जागा.

उलट, फ्लँज आणि भिंतीत फट राहत असेल तर खोलगट फ्लँज वेगळा विकत मिळतो. ती फट पांढऱ्या सिमेंटने बुजवणं चुकीचं. पुढच्या वेळी नळ काढताना टाइलचा टवका निघतो.

५. बोअरच्या पाण्याने नळ, शॉवर पांढरे पडलेत. ॲसिड लावू का?

नको. फरशीचं ॲसिड क्रोमवर पडलं की चमक कायमची जाते. लिंबूसत्व वापरा: एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे. शॉवरची चकती काढून त्यात तासभर बुडवा, टूथब्रशने घासा. नळाच्या तोंडाशी जाळीची फिरकी (एरेटर) असते, तीही काढून बुडवा. ‘नळाला धार नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात. जो नळ निघत नाही त्याला त्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग धुऊन कोरडं पुसा.

हे पाणी मोझेक, मार्बल, कडप्पा किंवा शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. या सगळ्यांत चुनखडीचा अंश असतो आणि आम्लाने तिथे निस्तेज ठिपका पडतो.

बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येत असेल तर पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांची सिरॅमिक चकती लवकर चरे पडून गळते. अशा घरात जुना वॉशरचा नळच बरा.

६. हॉटेलसारखा मोठा शॉवर लावायचा आहे. चालेल?

तुम्ही कितव्या मजल्यावर राहता त्यावर आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी आणि शॉवरमध्ये दोन-तीन मीटरचंच अंतर असतं, म्हणजे पाव बार. एवढ्यात आठ इंची चकतीतून पाणी नुसतं ठिबकतं. तिथे तीन-चार इंची, कमी भोकांचा साधा शॉवर किंवा हातातला टेलिफोनिक शॉवर घ्या. खालच्या मजल्यांवर अडचण नसते.

थंड-गरम पाण्याचे दोन वेगळे नळ काढून वॉल मिक्सर लावायचा असेल तर दोन्ही पाइपांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. मिक्सर सहा इंचांसाठी बनतात; त्यांच्या वाकड्या पायांमुळे थोडंसंच कमी-जास्त जमतं. अंतर नऊ-दहा इंच निघालं तर विचार सोडा, नाहीतर भिंत फुटणार.

७. फ्लशची टाकी सारखी झिरपते. पूर्ण टाकी बदलू का?

बहुधा गरज नाही. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचा वॉशर गेला. रंग उतरत नाही पण टाकीत पाणी येतच राहतं, तर बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगत्या बॉलचा नळ) बिघडला. दोन्हींचे भाग सुटे मिळतात. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली राहील असा बॉल बसवा.

पाणी वाचवायला जुन्या टाकीत ड्युअल फ्लशचा किट घालण्याआधी भांडं पाहा. दहा लिटरच्या फ्लशसाठी बनवलेलं जुनं भांडं तीन किंवा सहा लिटरमध्ये नीट साफ होत नाही, मग दोनदा बटण दाबावं लागतं आणि बचत वाहून जाते. त्यापेक्षा पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टाकीत उभी ठेवा. वीट ठेवू नका. ती विरघळत जाते आणि तिचा चुरा वॉशरमध्ये अडकतो.

सीट कव्हर आणताना भोकांमधलं अंतर, भोकांपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी आणि रुंदी अशी तीन मापं न्या.

८. पिवळे पडलेले पियानो स्विच मॉड्यूलर करायचे आहेत. स्वस्तात कसं होईल?

तीन वाटा आहेत. सर्वांत स्वस्त: पेटी तीच, वरची शीट नवी आणि त्याच खाचांच्या मापाचे नवे सपाट स्विच. छिन्नी नाही, धूळ नाही, आणि चार हात लांबून मॉड्यूलरच वाटतं. दुसरी: जुन्या खड्ड्यावर झाकण बसवून वर पृष्ठभागावरची मॉड्यूलर पेटी. ती भिंतीच्या दीड-दोन इंच पुढे येते, म्हणून कपाटामागे किंवा दाराआड नको. तिसरी: लाकडी पेटी काढून लोखंडी पेटी गाडणं. दिसायला उत्तम, पण प्रत्येक बोर्डामागे प्लास्टर आणि रंगाचा खर्च धरा.

प्लेट घेण्याआधी मॉड्यूल मोजा. स्विच एक, सॉकेट दोन, पंख्याचा रेग्युलेटर बहुधा दोन. म्हणजे चार स्विच, एक सॉकेट आणि एक रेग्युलेटर यांना आठ मॉड्यूलची प्लेट. पुढचा विचार करून मोठी घेतलीत तर रिकाम्या जागी ब्लँक बसवता येतात.

गिझर आणि एसीचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं. त्यामागची तार किमान अडीच, खरं तर चार चौरस मिलिमीटरची हवी. बोर्ड उघडल्यावर तारेचं टोक रुपेरी दिसलं तर ती ॲल्युमिनियमची असू शकते. (रुपेरी मुलामा दिलेलं तांबंही असतं, चाकूने खरवडलं की आतून तांबडं दिसतं.) ॲल्युमिनियम निघालं तर स्विचचा खर्च थांबवा आणि आधी वायरिंग दाखवून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच.

९. आमच्या बोर्डात अर्थिंगची तारच नाही. तीन पिनांचं सॉकेट तरी लावलेलं आहे. चालतं का?

चालत नाही, नुसतं दिसायला तीन भोकं आहेत. काही कारागीर अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून देतात. तो प्रकार जीवघेणा आहे. न्यूट्रल कुठे सुटला तर फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यातच करंट उतरतो. कुणी केलं असेल तर ते आजच काढून टाका.

अर्थची तार सगळीकडे ओढणं महाग पडतं. निदान गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि ओट्याच्या सॉकेटपर्यंत ओढा आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थ नसली तरी माणसाच्या अंगातून करंट जाऊ लागला की तो वीज तोडतो. बसवल्यावर सारखा पडत असेल तर बहुधा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेले असतात. आरसीसीबी काढू नका, न्यूट्रल शोधा.

१०. जुना पंखा हळू फिरतो. नवा घेऊ?

आधी कपॅसिटर बदला. मेन बंद करून पातं हाताने ढकला. ते मोकळं, बिनआवाज फिरत असेल तर दोष बहुधा कपॅसिटरचाच. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर छापलेला आकडा पाहूनच आणा. शंभर रुपयांच्या आत काम होतं. जास्त आकड्याचा घालून वेग वाढवायचा मोह टाळा, वाइंडिंग तापतं. पातं फिरवताना घरघर आली तर बेअरिंग.

नवा घ्यायचाच तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा). जुना पंखा ७० ते ८० वॉट खातो, हा तीसच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला साधारण सोळा युनिट वाचतात. म्हणजे जिथे दिवसभर चालतो त्या खोलीत आधी लावा. पाहुण्यांच्या खोलीत त्याची किंमत वसूल होत नाही. याला जुना रेग्युलेटर चालत नाही. तो काढून थेट जोडणी करावी लागते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते पाहून घ्या.

जुना पंखा रंगवायचा असेल तर पाती खाली उतरवून स्प्रेचे पातळ दोन हात द्या, तिन्हींवर सारखे. एका पात्यावर जाड थर बसला की पंखा डुलायला लागतो. परत चढवताना हुकावरचं रबर आणि बोल्टची कॉटर पिन नवी घाला.

११. ट्यूबच्या जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसते का?

बसते, पण चोक आणि स्टार्टरचं काय करायचं ते त्या ट्यूबच्या खोक्यावर लिहिल्याप्रमाणेच. ४० वॉटची ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून ५० वॉटच्या आसपास खातात. २० वॉटचं बॅटन तेच काम करतं आणि किमतीत फार फरक नसतो. म्हणून पट्टीसकट बदला. बैठकीत ४,००० केल्विन (किंचित पिवळसर उजेड), ओट्यावर ६,५०० (पांढरा). एकाच खोलीत दोन रंगांचा उजेड ठेवू नका, घर आणखी जुनं दिसतं. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. फोडून कचऱ्यात टाकू नका.

१२. बाथरूमच्या टाइल्स रंगवाव्यात का?

भिंतीच्या, पाण्याचा थेट मारा नसलेल्या भागात चालेल. जमिनीवर मुळीच नको, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. साबणाचा थर पूर्ण काढून, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारून, टाइलचा प्रायमर आणि मग दोन भागांचा इपॉक्सी रंग. नंतर आठवडाभर ती भिंत कोरडी ठेवावी लागते, आणि एकच बाथरूम असलेल्या घरात गाडी इथेच अडते.

खरं तर बहुतेक टाइल्स जुन्या वाटतात त्या काळ्या पडलेल्या सांध्यांमुळे. सांधे दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडा (हॅकसॉचं मोडकं पातं पुरतं), धूळ झटका, नवं ग्राउट भरा. सिमेंट ग्राउट पाण्याऐवजी लेटेक्समध्ये कालवलं तर डाग कमी धरतं. इपॉक्सी ग्राउट महाग पण टिकाऊ. ते अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच कालवा आणि टाइलवर आलेला थर लगेच पुसा. वाळला की छिन्नीशिवाय निघत नाही.

१३. कडप्प्याचा ओटा पांढुरका झालाय. ग्रॅनाइट लावू?

आधी घासून पाहा. लिंबू, चिंच, ताक यांनी कडप्प्याची पॉलिश जाते, दगड नाही. ओटा धुऊन वॉटर पेपर ओला करून क्रमाने फिरवा: २२०, ४००, ८००, १,२००. प्रत्येक नंबरनंतर पुसून आडवा उजेड धरा. आधीच्या पेपरचे चरे गेल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका. दहा फुटी ओट्याला एक रविवार आणि दुसऱ्या दिवशी दुखणारे खांदे लागतात. वाळल्यावर अन्नाला सुरक्षित असं दगडाचं सीलर लावा.

१४. दारांच्या कड्या, आल्ड्रॉप, बिजागऱ्या बदलून घेऊ का?

रंगाखाली काय आहे ते आधी खरवडून पाहा. जुन्या दारांवर पितळी कोयंडे आणि मुठी असतात आणि त्यांवर ऑइल पेंटचे पाच-सहा हात चढलेले असतात. काढून पेंट रिमूव्हर लावा किंवा उकळत्या पाण्यात साबण घालून बुडवा. रंग सालीसारखा सुटतो. मग चिंच-मीठ किंवा पितांबरी. नव्या पातळ हँडलपेक्षा हे नक्कीच उजवं दिसतं.

स्क्रू फिरत राहतो, पकडत नाही, अशी तक्रार असेल तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या आगकाड्या (गूल काढून) ठोका, रात्रभर वाळू द्या, कडा कापा, स्क्रू घट्ट बसतो. दार खाली घासत असेल तर रंधा मारण्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू तपासा. कपाटांची हँडल घेताना दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ९६, १२८, १६० मिलिमीटर ही नेहमीची मापं. तेच माप घेतलं तर जुनी भोकं बुजवावी लागत नाहीत.

१५. खिडकीच्या ग्रिलचा जुना रंग खरवडताना काय काळजी घ्यावी?

कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारून ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर हे काम त्यांच्या गैरहजेरीत. नंतर रेड ऑक्साइडचा एक हात, वर एनॅमलचे दोन.

१६. घर भाड्याचं आहे. काय काय बदलता येईल?

जे काढून नेता येतं ते: शॉवरची चकती, सीट कव्हर, बॅटन, कपाटाची हँडल, पंखा. मालकाच्या जुन्या वस्तू स्क्रूसकट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा आणि आधी फोटो काढा. डिपॉझिटचा वाद याच वस्तूंवरून होतो. वायरिंग आणि भिंतीतलं प्लंबिंग मालकाला लेखी विचारल्याशिवाय नको, व्हॉट्सॲपवरचा होकारही पुरतो.

१७. आम्ही रत्नागिरीला, समुद्राजवळ. नवी फिटिंग वर्षात गंजतात.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा स्वस्त क्रोम आणि २०२ ग्रेडचं स्टील खाते. ३०४ ग्रेड लिहिलेलंच घ्या. बाहेरच्या आणि बाल्कनीतल्या नळांना चांगलं प्लास्टिक (पीटीएमटी) सगळ्यात टिकतं. दिसायला साधं, पण गंजायला त्यात काही नाही. लोखंडी स्क्रूने बसवलेलं स्टीलचं हँडलही डाग सोडतं, म्हणून स्क्रूही स्टीलचे.

१८. माल कुठून घ्यावा? जुना विकू कुठे?

पुण्यात हार्डवेअरला बोहरी आळी, विजेच्या सामानाला तपकीर गल्ली. मुंबईत विजेसाठी लोहार चाळ, हत्यारं आणि हार्डवेअरला नागदेवी स्ट्रीट. जुनी वस्तू सोबत न्या. ‘अर्धा इंची’ म्हणून मागितलेल्या तीन गोष्टी तीन मापांच्या निघतात. जुनी पितळी मूठ जोडीला हवी असेल तर पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. भंगारवाल्याला पितळ आणि लोखंड एकत्र देऊ नका. वेगळं करून दिलंत तर पितळेचा भाव पितळेचा मिळतो.

१९. नळ काढताना आटे भिंतीतच तुटले, किंवा आतला एल्बो फिरला. आता काय?

पाणी उघडू नका. आटे तुटून तुकडा आत राहिला असेल तर प्लंबर एक्स्ट्रॅक्टरने तो फिरवून काढतो. एक टाइलही फुटत नाही, म्हणून छिन्नी काढण्याआधी त्याला हे हत्यार आहे का विचारा. एल्बो फिरला असेल तर मात्र त्याच्या मागचा जोड हलला. वरून कोरडं दिसलं तरी आत झिरपेल आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार टॉयलेट, सिंक वगैरेमुळे होणारी घरातली गळती सदस्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते.

अशा वेळी ती एक टाइल काढायला हरकत नाही, ग्राइंडरने सांध्यावरून कापून. एल्बो बदला, दोन दिवस उघडंच ठेवून तपासा, मग बुजवा. जुळणारी टाइल मिळत नसेल तर कमोडच्या मागून किंवा वॉशिंग मशीनच्या आडून एक अख्खी काढून इथे लावा, आणि वेगळी टाइल तिथे, जिथे कुणी पाहत नाही.